कर्जखताची होळी आणि सहकाराची पतपेढी : दख्खनमधील ग्रामीण कर्जाच्या प्रश्नाचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी एकत्र जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांची मागणी एकच होती. सावकारांनी आपल्या वह्या आणि कर्जखते त्यांच्या स्वाधीन करावीत. जी खते हाती आली ती जाळण्यात आली. पुढील काही आठवड्यांत ही लाट पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून 'दख्खनचे दंगे' या नावाने ही घटना आपल्या परिचयाची आहे. मात्र पाठ्यपुस्तके बहुधा ती येथेच सोडून देतात. विद्यार्थी दंग्याची कारणे पाठ करतात आणि १८७९ च्या कायद्याचे नाव लिहून पुढे जातात.

प्रस्तुत लेखाचा विषय त्यानंतरच्या प्रवासाचा आहे. जळालेल्या कर्जखताच्या जागी काय यावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुढील ऐंशी वर्षे न्यायाधीश, समाजसुधारक, इंग्रज अधिकारी, अर्थशास्त्रज्ञ आणि जेमतेम शाळा पाहिलेले शेतकरी खपले. या शोधात ऱ्हाईन नदीकाठच्या एका जर्मन ग्रामाधिकाऱ्याचा विचार नीरा आणि प्रवरा नद्यांच्या काठी येऊन पोहोचला. दारिद्र्य व कर्ज यांवर मात करण्यासाठी जागतिक आणि स्थानिक सहकार्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. तथापि असे सहकार्य प्रत्यक्षात कसे घडते, त्यात काय टिकते आणि काय वाटेत गळून पडते, हे पाहण्यासाठी आपल्याच दारातले हे उदाहरण पुरेसे आहे.

खताचे अर्थशास्त्र

दख्खनमधील रयतवारी पद्धतीत सरकार आणि शेतकरी यांचा सरळ संबंध होता. १८३० च्या दशकात इंदापूरपासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या जमीन मोजणीने सारा तीस वर्षांसाठी ठरविला. पाऊस लहरी, परंतु साऱ्याचा हप्ता ठरलेला. या दोहोंमधील अंतर सावकार भरून काढीत असे. तो पूर्वीही होता. मात्र पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे. इंग्रजी दिवाणी न्यायालयांनी ही गरज संपविली. निरक्षर शेतकऱ्याच्या अंगठ्याखाली लिहिलेला मजकूर न्यायालयात अखेरचा पुरावा ठरू लागला आणि त्यावर हुकूमनामा मिळवून जमीन, बैल व घरदेखील जप्त करता येऊ लागले.

येथे दामदुपटीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, हा हिंदू धर्मशास्त्रातील जुना नियम. व्याजदरावरील सरकारी निर्बंध १८५५ मध्ये उठले, तरी मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दामदुपट मानीत राहिली. मग ती निष्प्रभ का झाली? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोचे संरक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला. जुन्या खताचे मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नव्या खताचे मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई. कागदावर दामदुपटीचा भंग कोठेही दिसत नसे. ज्या कायद्याने कर्जाचे वय कमी करावयाचे, त्यानेच कर्जाला नवा जन्म देण्याची सोय केली. चांगल्या हेतूने केलेल्या कर्जविषयक कायद्यांचे असे उलटे परिणाम पुढेही अनेकदा झाले आहेत.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने भारतीय कापसाला अपूर्व भाव आला. दख्खनमध्ये पैसा खेळू लागला, सावकार सढळ हाताने उधार देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि उधारी आटली. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली होती. म्हणजे लँकेशायरच्या गिरण्यांची गरज, अमेरिकेतील रणांगण आणि शिरूर तालुक्यातील शेतकऱ्याची पत हे तिन्ही एका साखळीत जोडले गेले होते. जागतिकीकरण हा शब्द आपण १९९१ नंतर वापरू लागलो. भीमथडीच्या शेतकऱ्याला त्याचा अनुभव त्यापूर्वी सव्वाशे वर्षे आला होता.

दंग्यांच्या अर्थाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रविंदर कुमार यांनी त्यांत ग्रामीण समाजाच्या बदलत्या रचनेचे प्रतिबिंब पाहिले, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व वाजवीपेक्षा फुगविले गेले असल्याचे प्रतिपादन केले. चार्ल्सवर्थ यांचा इशारा योग्य असला तरी एका बाबीकडे त्यांच्या मांडणीत पुरेसे लक्ष जात नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती बाब म्हणजे दंग्यांपूर्वीचा बहिष्कार. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे काळुराम नावाच्या सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर एका देशमुखाचे घर पाडावयास घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्याने हजामत करावयाची नाही, परटाने कपडे धुवावयाचे नाहीत, त्यांची जमीन कोणी कसावयाची नाही, असा निर्धार झाला आणि तो आजूबाजूच्या गावांत पसरला. दंग्यांतही शारीरिक हिंसा तुलनेने कमी आणि कागद नष्ट करण्यावर भर अधिक होता. रोष प्रामुख्याने बाहेरून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर होता. गावातील ब्राह्मण सावकार बहुतेक ठिकाणी सुटले. यावरून दोन निष्कर्ष निघतात. परस्परांशी बांधून घेऊन एकत्र वागण्याची क्षमता या खेड्यांत होती. आणि ती क्षमता गावाच्या आतील सत्तेला सहसा हात लावीत नव्हती. सहकारी चळवळीचे पुढे जे झाले त्याचे बरेचसे मूळ या दोन गोष्टींत सापडते.

कायदा, पेढी आणि लंडनचा नकार

सरकारने नेमलेल्या आयोगाने दोषाचा मोठा भाग सावकारांच्या माथी मारला. आयोगाचे सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी महसुलाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते, परंतु सरकारी विचाराची दिशा बदलली नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या वर्षी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, किती रोकड खरोखर दिली गेली व किती व्याज मुद्दलात मिसळले गेले याचा हिशेब मांडावा, ही या कायद्यातील सर्वांत क्रांतिकारक तरतूद होती. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करण्याची प्रथाही त्याने बंद केली. कराराचे पावित्र्य हा ज्या काळाचा धर्म होता, त्या काळात कागदापेक्षा वस्तुस्थिती मोठी असे म्हणणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

तथापि कायदा जुन्या कर्जाचा न्याय करू शकत होता. नवे कर्ज कोठून आणावयाचे, हे तो सांगत नव्हता. पेरणीला बियाणे, मेलेल्या बैलाच्या जागी बैल आणि साऱ्याचा हप्ता यांची गरज न्यायालयाच्या निकालाने थांबत नाही. हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे प्रमुख होत. १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली. तालुक्यातील जुन्या कर्जाची तपासणी करून सावकारांशी तडजोड करावी, ती रक्कम सरकारने उचल म्हणून द्यावी आणि पुढील कर्जपुरवठा खाजगी भांडवलाच्या पेढीने माफक व्याजाने करावा, असे तिचे स्वरूप होते. रिपन यांच्या कारकिर्दीत भारत सरकार योजनेस अनुकूल झाले. लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नाकारली. गमतीची गोष्ट अशी की योजनेची चर्चा सुरू झाली तेव्हा भारत सरकारचे अर्थसदस्य असलेले एव्हलिन बेअरिंग हेच पुढे लॉर्ड क्रोमर म्हणून इजिप्तचे सूत्रधार झाले आणि त्यांच्या काळात १९०२ मध्ये तेथे शेतकी बँक स्थापन झाली. पुरंदरला जे मिळाले नाही ते नाईलच्या खोऱ्याला मिळाले.

रानडे यांचा या विषयावरील अभ्यास पेढीच्या योजनेपुरता नव्हता. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील लेखांतून आणि १८९१ च्या पुणे येथील औद्योगिक परिषदेपुढील निबंधातून त्यांनी युरोपातील जमीनविषयक कायदे व भूकर्ज संस्था यांचा परामर्श घेतला. परदेशातील संस्था जशीच्या तशी उचलावी असे त्यांचे म्हणणे नव्हते. परंतु प्रशियात राज्यसंस्थेने जे केले ते हिंदुस्थानात करावयास तिने का कचरावे, हा त्यांचा प्रश्न होता.

याच काळात महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांचे निदान वेगळे होते. शेतकऱ्याला नागविणाऱ्यांत त्यांना सावकाराबरोबरच कारकून, भट आणि सरकारी खाती दिसत होती. आणि उपायांत ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात मुरविणे, त्यासाठी फौजेतील व पोलिसांतील फावल्या मनुष्यबळाचा उपयोग करणे यांवर त्यांचा भर होता. रानडे पतीचा विचार करीत होते, फुले पाण्याचा आणि विद्येचा. आपल्या विद्यापीठीय चर्चेत या दोघांना परस्परांसमोर उभे करण्याची सवय जडली आहे. कर्जाच्या प्रश्नापुरते तरी ते एकाच आजाराच्या दोन लक्षणांवर बोट ठेवीत होते. आणि इतिहासाने, जसे पुढे दिसेल, फुल्यांच्या निदानाला अधिक दुजोरा दिला.

ऱ्हाईनकाठचा विचार

फ्रीडरिख व्हिल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) हा पश्चिम जर्मनीतील लहान खेड्यांचा ग्रामाधिकारी. १८४६–४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्याने व्हायरबुश येथे गरिबांना उधारीवर भाकरी मिळावी म्हणून मंडळी स्थापन केली. १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड येथे गरजू शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी दुसरी संस्था काढली. या संस्था सधनांच्या औदार्यावर चालत आणि औदार्य आटले की त्याही आटत. हा धडा घेऊन १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्याने जी कर्जपेढी उभी केली तिचे सदस्य कर्ज घेणारे स्वतःच होते. कार्यक्षेत्र एका गावापुरते, सर्व सदस्यांची जबाबदारी अमर्यादित, कारभार विनावेतन, नफ्याची वाटणी नाही, राखीव निधी अविभाज्य आणि कर्ज केवळ उत्पादक कामासाठी, ही तिची तत्त्वे. एकाचे कर्ज बुडाले तर सर्वांना भरावे लागेल, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या शेतावर लक्ष ठेवील. आणि शेजाऱ्याला शेजारी माहीत असतो, म्हणून तारणाची जागा चारित्र्य घेईल, अशी ही विचारसरणी होती. इंग्लंडमध्ये १८४४ साली रॉचडेल येथे २८ जणांनी काढलेले दुकान किंवा जर्मनीतीलच शुल्त्से-डेलिच यांच्या कारागिरांच्या पतपेढ्या यांहून ही रचना निराळी होती. ती शेतकऱ्यासाठी, त्याच्या पैशाच्या मंद फेऱ्यासाठी बेतलेली होती.

१८९२ मध्ये मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यास युरोपातील शेतकी पेढ्यांचा अभ्यास करण्यास नेमले. १८९५ व १८९७ मध्ये त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या अहवालाचे सार त्यांनी अखेरीस रायफायझेनचा शोध घ्या, एवढ्याच सल्ल्यात सांगितले. सल्ल्याचा रोख बहुतेकांनी रायफायझेनची पद्धत आणा असा घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मते निकल्सन यांना रायफायझेनसारखा माणूस अभिप्रेत होता, आणि माणूस कायद्याने निर्माण करता येत नाही.

सर्व काही सरकारी अहवालांतूनच घडले असे मात्र नाही. बडोदा येथे विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू झाली, तीही सहकाराचा कोणताही कायदा अस्तित्वात नसताना. ती शहरातील मध्यमवर्गीयांची संस्था असल्याने ग्रामीण कर्जाच्या इतिहासात तिला तळटीपेपुरतेच स्थान मिळते. परंतु परस्परसाहाय्याची कल्पना पश्चिम हिंदुस्थानात केवळ वरून आली नाही, याचा ती पुरावा आहे.

१९०१ च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर २५ मार्च १९०४ रोजी सहकारी पतसंस्थांचा कायदा संमत झाला. विधेयकावर केंद्रीय कायदेमंडळात बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी नेमके दुखणे सांगितले. जुन्या कर्जाच्या निवारणाची तरतूद नसेल तर आकंठ बुडालेल्या शेतकऱ्याला या संस्थांचा लाभ होणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ज्याची जमीन आधीच गहाण आहे त्याच्याबरोबर अमर्यादित जबाबदारी पत्करण्यास कोण तयार होईल? वेडरबर्न-रानडे योजनेत जुने कर्ज फेडणे ही पहिली पायरी होती. १९०४ च्या कायद्याने ती गाळून दुसऱ्या पायरीवर चढावयास सांगितले.

आणखी एक बदल वाटेत झाला. जर्मनीत गावाने पेढी काढली आणि मग राज्याने ती मान्य केली. येथे आधी निबंधक नेमला गेला आणि त्याने गावे शोधली. मुंबई इलाख्यातील पहिली ग्रामीण संस्था धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे ८ मे १९०५ रोजी नोंदली गेली आणि तिच्यामागे सिद्धनगौडा पाटील यांच्यासारखी स्थानिक व्यक्ती उभी होती, हे खरे. परंतु बहुसंख्य ठिकाणी संस्था म्हणजे सरकारी उचलीचे नवे दार, अशीच सदस्यांची समजूत राहिली. १९१४–१५ च्या मॅक्लॅगन समितीनेही सहकाराचे नैतिक अधिष्ठान विसरले जात असल्याबद्दल सावध केले होते.

पाण्याची रेषा

१९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन केली. शहरातील भांडवल गावातील सोसायटीपर्यंत नेणारी ही पहिली समर्थ वाहिनी. लल्लूभाईंचे पुत्र वैकुंठभाई मेहता यांनी तरुण वयात बँकेची सूत्रे हाती घेतली आणि १९४६ मध्ये मंत्रिपदावर जाईपर्यंत ती सांभाळली. या बँकेच्या आरंभीच्या व्यवहारांकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. तिचा ओढा नीरा डाव्या कालव्यावरील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या सोसायट्यांकडे होता. ऊस हे खर्चिक पीक. कर्ज मोठे, पण पाणी निश्चित असल्याने परतफेडही निश्चित.

१८७५ मध्ये ज्या सुप्यात दंगा पेटला ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. आणि नीरा डावा कालवाही बारामती तालुक्यातूनच वाहतो. एकाच तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात दंग्याचे गाव आहे आणि बागायत पट्ट्यात सहकाराचे माहेर. नकाशावर ही रेषा कालव्याने काढली आहे. सुप्याच्या शेतकऱ्याच्या कर्जातून जन्मलेला उपाय सुप्याला सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पोहोचला, असे म्हणावे लागते. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर (१९१७) व जातेगाव बुद्रुक (१९२१) या गावांच्या पाहणीत दाखवून दिले होते की कोरडवाहू खेड्यातील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्या किमान गरजांनाही पुरत नव्हते. जेथे शेतीच तोट्याची तेथे कर्जाचा व्याजदर कमी करून फार तर बुडण्याचा वेग कमी होतो. उत्पादक कामासाठीच कर्ज, हा रायफायझेनचा नियम अशा घराला उंबऱ्याबाहेरच थांबवितो, कारण त्याची पहिली गरज धान्याची असते. फुल्यांच्या ताली-बंधाऱ्यांची आठवण येथे होते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पुन्हा कोसळले. सोसायट्यांची थकबाकी फुगली आणि अनेक संस्था अवसायनात निघाल्या. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेत शेतकी पतविभाग सुरू झाला. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये शेतकरी ऋणकोंच्या साहाय्याचा आणि १९४६ मध्ये सावकारीवरील नियंत्रणाचा कायदा झाला. या प्रत्येकाचा तपशील हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीने पन्नास वर्षांच्या प्रयोगाचा हिशेब मांडला. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे या पाहणीत होती. १९५१–५२ या वर्षी शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा होता केवळ ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, व्यापारी बँकांचा एक टक्क्याहून कमी. व्यावसायिक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के कर्ज देत होते. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५४ च्या अहवालात सहकार अपयशी ठरला असल्याचे स्पष्टपणे मान्य केले आणि त्याच श्वासात तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नसल्याचेही सांगितले. खेड्यातील दुर्बळांची संस्था सावकार, व्यापारी आणि नोकरशाही यांच्या संयुक्त बळापुढे एकटी टिकणार नाही. म्हणून राज्याने भागभांडवलात भागीदार व्हावे आणि कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी घालावी, ही समितीची मुख्य सूचना. समितीचे एक सदस्य होते प्रा. धनंजयराव गाडगीळ. आणि त्यांच्यापाशी या सूचनेचा जिवंत पुरावा होता.

प्रवरेचा धडा

अहमदनगर जिल्ह्यातील लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये सहकारी पतसंस्था सुरू केली होती. शालेय शिक्षण नाममात्र, परंतु गावाच्या कर्जाचे गणित तोंडपाठ असलेला हा शेतकरी. प्रवरा कालव्यावर ऊस होता, त्याचा गूळ होई आणि गुळाचा भाव व्यापारी ठरवीत. खाजगी साखर कारखाने जमिनी खंडाने घेत होते. शेतकऱ्यांनी स्वतःच भाग जमवून कारखाना काढावा, या कल्पनेला केंब्रिजमध्ये शिकलेले आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असलेले गाडगीळ, तसेच मुंबई राज्याचे अर्थ व सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांची साथ मिळाली. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, विखे पाटील उपाध्यक्ष. १९५०–५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला.

या कारखान्याची कर्जाच्या दृष्टीने असलेली रचना समजून घेण्यासारखी आहे. शेतकरी कारखान्याचा भागधारक, त्याचा ऊस कारखान्याला बांधलेला, त्याचे पीककर्ज गावच्या सोसायटीकडे. ऊस गाळपास आला की कारखाना उसाच्या बिलातून सोसायटीच्या कर्जाची कपात करून ती परस्पर भरतो. रायफायझेनच्या पेढीत शेजाऱ्याची नजर जे काम करीत होती ते येथे वजनकाटा करू लागला. चारित्र्याची जागा पिकाने घेतली. सावकाराचेही खरे बळ पीक खळ्यावरच उचलण्यात होते. प्रवरेने तेच बळ शेतकऱ्यांच्या संस्थेच्या हाती दिले. ज्या जिल्ह्यात पाऊणशे वर्षांपूर्वी खते जळाली होती, त्याच जिल्ह्यात ही रचना उभी राहिली, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. तेथील दुष्काळाने कालवे आणले, कालव्यांनी ऊस आणला आणि कर्जाच्या जुन्या आठवणीने एकीची गरज पटविली.

परंतु वजनकाटा ज्याच्यापाशी ऊस आहे त्यालाच ओळखतो. भाग घेण्यासाठी जमीन हवी, जमिनीला पाणी हवे. ऊसतोडणीसाठी दुष्काळी तालुक्यांतून येणारा मजूर मुकादमाकडून उचल घेऊन येतो आणि ती फेडण्यासाठी कोयता चालवितो. त्याचे कर्ज कोणत्याही सोसायटीच्या वहीत नसते. म्हणजे सहकारी कारखान्याच्या आवारातच, राहुट्यांच्या तळावर, १८७५ पूर्वीचे नाते जिवंत राहिले. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या अभ्यासातून (१९८०) साखर कारखान्यांभोवती उभ्या राहिलेल्या सत्ताकारणाचे विश्लेषण केले, तर डोनाल्ड ॲटवूड यांनी १९९२ च्या ग्रंथात लहान शेतकऱ्यांनाही या व्यवस्थेचा ठोस लाभ झाल्याचे दाखविले. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. दोहोंचा केंद्रबिंदू मात्र ऊस पिकविणारा आहे. तोडणारा परिघावर राहतो. आपल्यापैकी जे ऊसपट्ट्यातील महाविद्यालयांत शिकवितात त्यांच्या वर्गात या दोघांचीही मुले बसतात, आणि दिवाळीनंतर त्यांपैकी कोणाची हजेरी कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे.

खताच्या मागे

राष्ट्रीय पाहण्यांनुसार ग्रामीण कुटुंबांच्या कर्जातील संस्थात्मक वाटा १९७१ मध्ये सुमारे २९ टक्के होता, तो १९९१ मध्ये ६४ टक्क्यांवर गेला आणि २००२ मध्ये ५७ टक्क्यांपर्यंत खाली आला. विदर्भातील कोरडवाहू कापूसपट्ट्यातील शेतकरी आत्महत्यांनी जी वेदना समोर आणली तिचा या घसरणीशी असलेला संबंध नाकारता येत नाही. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, तसेच महाराष्ट्र शासनाच्या २०१७ व २०१९ च्या योजना यांनी संस्थात्मक कर्जाला हात घातला. सावकाराच्या वहीतील कर्ज त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांच्या उद्दिष्टाने प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेली स्वयंसाहाय्यता गट व बँक यांची जोडणी या संदर्भात अधिक लक्षणीय वाटते. दहा-वीस शेजारणींचा गट, परस्परांची माहिती, सामूहिक जबाबदारी आणि तारणाचा अभाव. १९०४ नंतर वाटेत गळालेला रायफायझेन शंभर वर्षांनी बचतगटाच्या रूपाने, आणि तोही जमीन नावावर नसलेल्या स्त्रियांकडून, परत आला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१८७९ च्या कायद्यातील विचारही संपलेला नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने अवैध सावकारीच्या ओघात खरेदीखत, गहाणखत वा अन्य मार्गाने बळकावलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकास परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. तो वापरताना अधिकाऱ्याला ठरवावे लागते की समोरचे खरेदीखत ही खरी विक्री होती की कर्जाचे तारण. रक्कम किती दिली गेली, व्याज किती कापले गेले, ताबा कोणाकडे राहिला, याची साक्षीपुराव्याने छाननी होते. तालुक्याच्या ठिकाणच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात असे अर्ज येतात. अर्जदाराच्या हाती बहुधा एक झेरॉक्स प्रत असते आणि तिच्यावर अंगठ्याऐवजी आता सही असते.